कार्ल तेर्झागी आणि मऊ मातीचें शास्त्र

वऱ्हाडांत राहणाऱ्या माणसास काळ्या मातीची ओळख करून द्यावयास नको. पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर ह्या टापूंत, वैशाखांत शेतास अशा भेगा पडतात कीं, त्यांत हात कोपरापर्यंत सहज जावा. आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले कीं तीच जमीन फुगून भेगा मिटवून टाकते व बैलगाडीचें चाक रुतवून ठेवते. कापसास जी माती लाभते ती भिंतीस मानवत नाहीं. आपल्या वाडवडिलांना हें पक्कें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं गांव पांढरीवर वसविलें, काळी शेतीकरितां राखली, आणि काळींत घर बांधणें भागच पडलें तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा असा दंडक घातला. पुढें मुंबईकडून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा ह्या गांवांवरून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, तोही कित्येक मैल ह्याच मातीवरून.

परंतु माती कां फुगते, भार पडल्यावर ती कां व किती दबते, दबावयास किती काळ लागतो, आणि ती मजबूत करण्यासाठीं आपण कांहीं केलें तर त्याचा खरोखर उपयोग होतो कीं नाहीं, ह्या प्रश्नांचीं उत्तरें केवळ अनुभवानें मिळत नाहींत. मोजमाप करावें लागतें. चिकणमातीचें असें मोजमाप ज्यांनीं शास्त्राच्या पदवीस नेलें, त्या कार्ल तेर्झागी ह्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ह्या गृहस्थाचें नांव परीक्षेपुरतें तरी पाठ करतो. नांवामागील मनुष्य मात्र त्यास क्वचितच भेटतो.

कार्लचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजीं प्राग शहरीं झाला. प्राग तेव्हां ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें. वडील सैन्यांत अधिकारी होते, आणि घराण्याच्या रीतीस अनुसरून दहा वर्षांच्या कार्लला लष्करी शाळेंत घालण्यांत आलें. तेथें कवाईत होतीच. पण मुलाचें मन रमलें तें खगोल व भूगोल ह्या विषयांत. १९०० सालीं शाळा संपवून तो ग्राट्स येथील तंत्रविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकूं लागला. तेथें त्याचें वर्तन आदर्श होतें असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. दंगामस्ती, द्वंद्वें, वर्गांतील गैरहजेरी, ह्यांमुळें त्याला काढून टाकण्याची वेळ आली होती. व्हिटनबाउअर नांवाच्या एका प्राध्यापकांनीं त्याची बाजू घेतली, म्हणून तो वांचला. एका शिक्षकानें वेळेवर टाकलेला हा शब्द मृदायामिकीच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

१९०४ सालीं पदवी मिळाल्यावर सक्तीची एक वर्षाची लष्करी नोकरी आली. त्या वर्षांत तेर्झागींनीं एक इंग्रजी भूगर्भशास्त्राचें पुस्तक जर्मन भाषेंत उतरविलें, आणि त्यामुळें त्यांच्या मनांत यंत्रशास्त्राशेजारीं भूगर्भशास्त्र येऊन बसलें. नंतर व्हिएन्नांतील एका बांधकाम कंपनींत नोकरी लागली. धरणें, जलविद्युत्केंद्रें, सिमेंट-काँक्रीटचीं कामें, क्रोएशियांतील डोंगर, रशियाची तत्कालीन राजधानी, अशी त्यांची भ्रमंती झाली. ह्या कामांत त्यांना एक गोष्ट सारखी खुपत राहिली. पुलाच्या तुळईस किती भार पेलेल हें इंजिनीयर कागदावर आंकडे मांडून सांगत. पण त्याच पुलाच्या खांबाखालील मातीविषयीं विचारलें तर, माती बरी आहे, माती मऊ आहे, एवढेंच उत्तर मिळे. तुळई चुकली नाहीं, तरी पाया खचून इमारत जाई.

१९१२ सालीं डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेस गेले. तेथें तेव्हां मोठमोठीं धरणें उभीं राहत होतीं. प्रत्येक ठिकाणची जमीन कशी होती व बांधकाम कसें निभावलें ह्याची माहिती गोळा केली कीं तींतून नियम आपोआप निघतील, अशी त्यांची कल्पना होती. जवळजवळ दोन वर्षें ते पश्चिम अमेरिकेंत हिंडले. नियम निघाला नाहीं. कारण एका इंजिनीयरची बारीक वाळू ती दुसऱ्याची गाळमाती, आणि एकाची कठीण चिकणमाती ती दुसऱ्याची मध्यम! मातीचे गुण आंकड्यांत मांडण्याची सोयच नव्हती. निराश होऊन ते १९१३ च्या अखेरीस परत आले, आणि लवकरच महायुद्धांत ओढले गेले.

युद्धाच्या मध्यांत, १९१६ सालीं, त्यांचे गुरु फोर्खहायमर ह्यांनीं त्यांना कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचें इस्तंबूल, येथील सरकारी अभियांत्रिकी विद्यालयांत प्राध्यापक म्हणून बोलावून घेतलें. तेथें त्यांनीं भिंतीवर पडणाऱ्या मातीच्या दाबाचे प्रयोग सुरू केले. दोनच वर्षांत ऑस्ट्रिया व तुर्कस्तान दोन्ही पराभूत झालीं, आणि पराभूत राष्ट्राच्या ह्या प्राध्यापकाची नोकरी गेली. त्या वेळीं त्यांना आसरा दिला तो बॉस्फरसच्या कांठीं असलेल्या रॉबर्ट कॉलेजनें. रॉबर्ट नांवाच्या अमेरिकन दानशूर व्यापाऱ्यानें व सायरस हॅम्लिन ह्या मिशनऱ्यानें १८६३ सालीं काढलेली ही संस्था. कालपर्यंत फ्रेंचमधून शिकविणारे तेर्झागी आतां इंग्रजींतून शिकवूं लागले.

पगार बेताचा, उपकरणें जवळजवळ नाहींत. एके दिवशीं त्यांनीं कागद पुढें ओढून, मातीविषयीं आपणांस काय काय ठाऊक नाहीं व तें शोधण्यासाठीं कोणते प्रयोग करावे लागतील, ह्याची यादी एका बैठकींत लिहून काढली, आणि पुढलीं सहा-सात वर्षें ती यादी पुरी करण्यांत घालविलीं. सिगारच्या रिकाम्या पेट्या, स्वयंपाकघरांतील वस्तु, भंगारांत मिळालेले तुकडे, ह्यांतून त्यांनीं उपकरणें जुळविलीं असें सांगतात. त्यांपैकीं एक उपकरण आज जगभर वापरांत आहे. एक धातूचें कडें; त्यांत चिकणमातीची जाड चकती; चकतीच्या वर व खालीं पाणी झिरपूं देणारा सच्छिद्र दगड; आणि वरून तरफेनें हळूहळू वाढवीत नेलेला भार. चकती किती दबली तें बारीक मापकावर वाचावयाचें, एका मिनिटानें, चार मिनिटांनीं, तासानें, दुसऱ्या दिवशीं. शाळेंतील विद्यार्थ्यास हें काम अत्यंत कंटाळवाणें वाटेल, आणि तें तसें आहेच.

ह्या कंटाळवाण्या वाचनांतून जें दिसलें तें असें. वाळूवर भार ठेवला कीं ती दबावयाची तेवढी तात्काळ दबते. चिकणमाती मात्र दबतच राहते. कां? समजा, एका नळकांड्यांत स्प्रिंग ठेवून वर पाणी भरलें आणि दट्ट्या बसविला. दट्ट्यास सुईच्या अग्राएवढें एकच छिद्र आहे. दट्ट्यावर वजन ठेवतांच स्प्रिंग दबत नाहीं, कारण सारा भार पाणी झेलतें. पाणी छिद्रांतून थेंब थेंब बाहेर पडूं लागतें, तसतसा भार पाण्यावरून स्प्रिंगवर जातो, आणि स्प्रिंग दबत जाते. चिकणमातींत कणांचा सांगाडा ही स्प्रिंग. कणांमधील अतिसूक्ष्म रंध्रें हें छिद्र. मातीची ताकद सांगाड्यावर आलेल्या भारानेंच वाढते. पाण्यानें झेललेला भार ताकदीच्या हिशेबांत धरावयाचा नाहीं. तेर्झागींनीं १९२३ सालीं ह्या क्रियेचें गणित मांडलें, आणि तें तापलेल्या पट्टींतून उष्णता वाहून जाण्याच्या गणितासारखेंच निघालें. ह्या क्रियेस मराठींत दृढीकरण म्हणतात.

ह्या गणिताचा एक परिणाम विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावा. दबण्यास लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. प्रयोगशाळेंतील चकती २ सेंटिमीटर जाडीची असेल व तिचें दृढीकरण बहुतांशीं १० मिनिटांत होत असेल, तर त्याच मातीच्या ४ मीटर जाडीच्या थरास, वर-खालीं दोन्हीकडून पाणी निघत असतांना, किती काळ लागेल? जाडी २०० पट, म्हणून काळ ४०,००० पट. म्हणजे चार लाख मिनिटें, सुमारें नऊ महिने. खालून पाण्यास वाट नसेल तर ह्याच्या चौपट, म्हणजे तीन वर्षें. इमारत बांधून घरभरणी झाल्यावर दोन वर्षांनीं भिंतीस तडा कां जातो, ह्याचें एक उत्तर ह्या आंकड्यांत आहे.

येथें आम्ही चरित्र क्षणभर बाजूस ठेवून, मऊ माती मजबूत करण्याच्या एका लोकप्रिय उपायाकडे वळतों. कारण तेर्झागींच्या शोधाची खरी कसोटी त्यांत दिसते. जमिनींत नळ्या खुपसून त्यांतून सिमेंट, चुना किंवा माती ह्यांचा पातळ रबडा दाबानें भरावयाचा, ह्यास ग्राउटिंग म्हणतात. १८०२ सालीं फ्रान्समधील द्येप बंदरांत बेरिन्यी नांवाच्या इंजिनीयरनें हा उपाय प्रथम योजला असें मानतात. खडकाच्या भेगा, गोटे व भरड वाळू ह्यांत हा रबडा उत्तम भरतो. चिकणमातींत मात्र गोष्ट वेगळी. सिमेंटचे मोठे कण मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढे असतात. चिकणमातीचा कणच मुळीं मिलिमीटरच्या पांचशेंव्या हिश्शाहून लहान, मग त्यांमधील रंध्रें केवढीं असणार? गव्हाचा दाणा मैद्याच्या चाळणींतून जाईल काय?

मग नळींतून दाबानें लोटलेला रबडा जातो कोठें? तो माती फाडून जातो. प्रयोगशाळेंत हें पाहतां येतें. चिकणमाती पाण्यांत कालवून एका पिंपांत भरतात, वरून भार देऊन तिला ठराविक घट्टपणा आणतात, मग मध्यभागीं नळी घालून मोजून रबडा भरतात. माती किती उचलली तें मोजतात; रंध्रांतील पाण्याचा दाब मोजतात; कांहीं दिवसांनीं तीच माती चाकूनें कापून रबडा कोठें गोळा होऊन बसला, कोठें पानासारखा पसरला, तें पाहतात; आणि नमुने काढून ते किती भारानें चिरडतात हें ताडून पाहतात. रबडा भरतांना माती वर येते, आणि पाहणारास वाटतें कीं काम झालें. परंतु त्या दाबानें रंध्रांतील पाण्याचाही दाब वाढलेला असतो. तें पाणी पुढें हळूहळू निघून जातें आणि माती पुन्हां खालीं बसूं लागते. फार मऊ मातींत तर ती भरण्यापूर्वींच्या पातळीच्याही खालीं जाऊं शकते! ज्यानें पहिल्या दिवसाचें मोजमाप करून वही मिटली, तो यशाची बातमी देईल. ज्यानें महिनाभर मापक वाचला, त्याची बातमी निराळी असेल. दोघांनींही खरेंच सांगितलें, आणि तरी इमारत एकाच्याच बोलण्यावर बांधतां येईल.

आपल्या काळ्या मातीस ह्याहून वेगळे पेंच आहेत. तेर्झागींचें गणित पाण्यानें पूर्ण भरलेल्या चिकणमातीचें. आपली माती उन्हाळ्यांत वाळून फाटते व पावसांत फुगते, कारण तिच्यांतील माँटमॉरिलोनाइट नांवाचें खनिज आपल्या पापुद्र्यांमध्यें पाणी ओढून घेतें. तिच्यांत शेंकडा ३ ते ८ भाग चुना नीट मिसळला तर फुगणें पुष्कळ कमी होतें, हें अनेक प्रयोगशाळांत दिसून आलें आहे. पण मिसळणें निराळें व नळीनें भरणें निराळें. नळीनें सोडलेली चुन्याची निवळी भेगांच्या वाटेनेंच जाते, आणि दोन भेगांमधील ढेंकूळ आंतून बव्हंशीं तसेंच राहतें. म्हणून आपल्या देशांतील संशोधकांनीं दुसऱ्याही वाटा शोधल्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें तळाशीं फुगवटा असलेले खांब काळ्या मातीखालच्या स्थिर थरापर्यंत नेण्याची रीत बसविली; मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत डॉ. कट्टी ह्यांनीं फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून बसविण्याची युक्ति प्रयोगांनीं सिद्ध केली. वाडवडिलांच्या मुरुमाशीं ह्या रीतींचें नातें चटकन ध्यानांत येईल.

आतां पुन्हां चरित्राकडे. १९२५ सालीं तेर्झागींचा मृदायामिकीवरील जर्मन ग्रंथ व्हिएन्नांत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेनें त्यांना बोलावलें. बारा वर्षांपूर्वीं ज्या देशांतून ते रिकाम्या हातीं परतले होते, तेथें ते आतां शिक्षक म्हणून गेले. १९२९ सालीं ते व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयांत परत आले. १९३० सालीं रूथ डॉगेट ह्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ बाईंशीं त्यांचा विवाह झाला. १९३६ सालीं हार्वर्ड येथें मृदायामिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते.

त्याच सुमारास एक दुःखद प्रकरण घडलें. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयांतीलच प्राध्यापक पाउल फिलुंगर ह्यांनीं १९३६ च्या अखेरीस एक पुस्तिका छापून तेर्झागींच्या दृढीकरणाच्या सिद्धांतावर, आणि त्यांच्या सचोटीवरही, कडक हल्ला केला. विद्यालयानें चौकशी-समिति नेमली. समितीचा कौल तेर्झागींच्या बाजूनें जाणार हें दिसूं लागल्यावर, मार्च १९३७ मध्यें फिलुंगर व त्यांच्या पत्नी ह्या दोघांनींही जीवयात्रा संपविली. नंतरच्या विद्वानांनीं दाखवून दिलें आहे कीं, सच्छिद्र पदार्थांतील पाण्याच्या दाबाविषयीं फिलुंगर ह्यांनीं १९१३ सालापासून केलेलें काम मोलाचें होतें, आणि त्यांचें गणित कांहीं बाबतींत अधिक व्यापक होतें. तेर्झागींचें गणित साधें होतें, आणि कडें, चकती व मापक ह्यांनीं तें कोणासही ताडून पाहतां येत होतें. व्यवहारांत तेंच टिकलें. ह्या प्रकरणांत कोणाची जयंती साजरी करावी असें आम्हांस वाटत नाहीं. दोघे एकाच विद्यालयांत होते, आणि मतभेद प्रयोगाच्या मेजावर मिटविण्याची सोय तेथें होती, एवढेंच म्हणतों.

१९३८ सालीं तेर्झागी अमेरिकेस गेले व हार्वर्ड विद्यापीठांत राहिले. १९४३ सालीं ते तेथील नागरिक झाले. ह्या काळांत शिकागो शहराखालीं, अत्यंत मऊ चिकणमातींतून, आगगाडीचा भुयारी मार्ग खणला जात होता. वर मोठमोठ्या इमारती, रस्ते, पाण्याचे नळ. तेर्झागींनीं सल्लागार होण्यास एक अट घातली कीं, कामाच्या जागीं मातीची प्रयोगशाळा असावी व ती आपण पाठविलेल्या माणसाच्या हातीं असावी. तो माणूस म्हणजे राल्फ पेक, मूळचा पुलांचा इंजिनीयर. तरुण पेक रोज नमुने काढी, त्यांची ताकद मोजी, रस्त्याची पातळी किती उतरली तें टिपी, आणि तें सर्व हार्वर्डला पाठवी. प्रयोगशाळेंतील चकती व रस्त्यावरील मोजणी ह्यांची गांठ घालून खणण्याची रीत सुधारीत नेली. गुरु-शिष्यांनीं मिळून १९४८ सालीं लिहिलेला ग्रंथ आजही नव्या आवृत्तींत वाचला जातो.

उतारवयांतही तेर्झागी धरणांच्या कामांवर हिंडत. ईजिप्तच्या अस्वान येथील उंच धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. रशियन इंजिनीयरांच्या योजनेशीं मतभेद झाल्यावर १९५९ सालीं त्यांनीं तें पद सोडलें. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत ब्रिज नदीवर मिशन डॅम नांवाचें धरण त्याच सुमारास बांधलें जात होतें. त्याच्या पायाखालीं खडक नव्हताच. होते ते वाळू-गोट्यांचे खोल थर, आणि त्यांच्या जोडीस मऊ चिकणमाती. वाळू-गोट्यांत ग्राउट भरून पाण्याच्या वाटेंत पडदा उभा केला. चिकणमाती तर कित्येक फूट खचणार हें गणितानें अगोदरच दिसत होतें. म्हणून धरणच असें रचलें कीं तें खचतां खचतां वांकावें, पण फुटूं नये. ग्राउट कोठें चालतो व कोठें चालत नाहीं, ह्याचा असा स्वच्छ विवेक आम्हांस दुसऱ्या कामांत क्वचित् आढळला आहे. काम १९६० सालीं पुरें झालें. प्रकृति ढासळली होती, तरी ह्या धरणाची हकीकत इव्ह लाक्रवा ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं लिहिली. ती १९६४ सालीं छापली गेली.

ती छापलेली पाहण्यास ते राहिले नव्हते. २५ ऑक्टोबर १९६३ रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथें त्यांचें निधन झालें. त्यांचीं टिपणें व कागदपत्रें नॉर्वेच्या राजधानींत, ऑस्लो येथील भूतंत्र संस्थेच्या ग्रंथालयांत जपून ठेवलीं आहेत. मिशन डॅमचें नांव १९६५ सालीं बदलून तेर्झागी डॅम असें ठेवण्यांत आलें.